पिवळी गाठ आणि पेशीतला मेद

मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेनंतर मधोमध कापली, की तिचा छेद पिवळाधमक दिसतो. भोवतालचे निरोगी मूत्रपिंड काळपट तांबडे असते आणि त्याला लागूनच हा सोनेरी, मऊ, मधूनमधून रक्तस्रावाचे डाग पडलेला गोळा असतो. हा पिवळा रंग मेदाचा. १८८३ मध्ये पाउल ग्राविट्स या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने अशा गाठींचा अभ्यास केला, तेव्हा त्या मूत्रपिंडातल्या चरबीच्या साध्या गाठी समजल्या जात. ती समजूत त्याने खोडून काढली, पण त्याचाही एक अंदाज चुकला. पेशींमध्ये इतका मेद पाहून त्याला वाटले, की या गाठी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या वाट चुकलेल्या पेशींपासून वाढल्या असाव्यात, कारण त्या ग्रंथीच्या पेशी संप्रेरके बनवण्यासाठी मेद साठवून ठेवतात. प्रत्यक्षात या गाठी मूत्रपिंडाच्याच सूक्ष्म नलिकांच्या अस्तरातून निघतात हे पुढे स्पष्ट झाले, तरी ‘हायपरनेफ्रोमा’ हे जुने नाव कित्येक दशके वापरात राहिले. आज या प्रकाराला क्लिअर सेल कर्करोग म्हणतात आणि मूत्रपिंडाच्या दर चार कर्करोगांपैकी साधारण तीन याच प्रकारचे असतात.

‘क्लिअर’ म्हणजे स्वच्छ, पारदर्शक. हे नाव ज्या पोकळीवरून पडले, ती पोकळी खरे तर प्रयोगशाळेत तयार होते. गाठीचा तुकडा प्रथम फॉर्मॅलिनमध्ये टिकवतात, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातले पाणी काढतात, झायलीनमध्ये बुडवतात आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिन मेणात बसवतात. मेणाच्या त्या ठोकळ्यातून तीन ते पाच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप काढून काचपट्टीवर रंगवले जातात. या प्रवासात अल्कोहोल आणि झायलीन पेशीतला मेद धुऊन नेतात. उरते ती रेखीव भिंतीची पांढरी रिकामी खोली आणि तिच्यात ठिपक्यासारखे केंद्रक. तोच तुकडा मेणात न बसवता गोठवून कापला आणि ऑइल रेड ओ या रंगद्रव्याने रंगवला, तर त्याच खोल्या लालभडक थेंबांनी खच्चून भरलेल्या दिसतात. रोजच्या निदानाचे काम पिढ्यान्‌पिढ्या मेद धुतलेल्या कापांवर चालले. पेशीतल्या मेदाकडे कर्करोगाच्या अभ्यासकांचे लक्ष इतक्या उशिरा का गेले, याचे एक कारण मला यातच दिसते.

हे थेंब केवळ मूत्रपिंडाच्या कर्करोगात असतात असे नाही. आपल्या बहुतेक पेशींत ते थोडेफार असतातच. त्यांना आपण मेदबिंदू म्हणू. मेदबिंदूच्या पोटात पाण्यात न मिसळणारा तटस्थ मेद असतो, म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलची साठवणुकीची रूपे. या गाभ्याभोवती फॉस्फोलिपिडांचा एकच पातळ थर असतो. पेशीपटल दुपदरी असते, हे आवरण मात्र एकपदरी. पेशीत प्रथिने आणि मेद बनवणारी जी आंतर्द्रव्यजालिका असते, तिच्या पटलाच्या दोन पदरांमध्ये मेद साचत जातो, फुगवटा येतो आणि मग तो थेंब बाहेर पेशीद्रवाच्या बाजूला अंकुरतो. चरबीच्या पेशीत असा एकच प्रचंड थेंब जवळपास सगळी जागा व्यापून केंद्रकाला कडेला ढकलतो. इतर पेशींतले थेंब मात्र एक मायक्रॉनच्या आसपासचे, कधी त्याहूनही लहान असतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी हे थेंब पाहिले होते, पण पुढे शंभर वर्षे त्यांना अडगळीतल्या डब्याइतकीच किंमत होती. ते चित्र पालटले ते त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिने हाती लागल्यावर. १९९१ मध्ये पेरिलिपिन हे प्रथिन सापडले. थेंबाच्या दारावर बसून आत कोणाला जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या एका कुटुंबाचा तो पहिला सदस्य. २००४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ येथील संशोधकांनी एटीजीएल हे विकर, म्हणजे एन्झाइम, शोधले. साठवलेल्या ट्रायग्लिसराइडचे पहिले मेदाम्ल, म्हणजे फॅटी अॅसिड, सोडवण्याचे काम ते करते. कोठार आहे, त्याला राखणदार आहे, माल आत टाकणारे आहेत आणि काढणारेही आहेत, म्हणजे हा पेशीचा एक चालता विभाग आहे हे मग मान्य झाले.

आता कर्करोगाकडे वळू. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर पेशीपटल दुप्पट लागते, आणि पेशीच्या आतल्या सर्व पडद्यांचेही तेच. हे पडदे मेदाम्लांपासूनच विणले जातात. त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशीला मेदाचा पुरवठा अखंड लागतो. आपल्या प्रौढ शरीरातल्या बहुसंख्य पेशी रक्तातून येणाऱ्या, म्हणजे अन्नातून किंवा यकृतातून आलेल्या मेदावर भागवतात. कर्करोगाच्या पेशी मात्र तो स्वतःही बनवू लागतात. १९५३ मध्ये ग्रेस मेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठींचे ताजे काप घेऊन ते मेद तयार करतात असे दाखवले होते. चार दशकांनंतर, १९९४ मध्ये, स्तनाच्या कर्करोगाच्या गंभीर प्रकारात जास्त आढळणारे एक अनोळखी प्रथिन नेमके कोणते याचा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटाने छडा लावला, तेव्हा ते फॅटी अॅसिड सिंथेज निघाले. हे विकर दोन-दोन कार्बन जोडत सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल बनवते. हा कारखाना चालवायला ऊर्जा भरपूर लागते. ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले होते, की कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखे खातात आणि प्राणवायू असूनही ते पूर्ण जाळत नाहीत. त्या अर्धवट वापरलेल्या ग्लुकोजातला काही कार्बन या मेदाच्या कारखान्यात वळवला जातो.

इथवर सगळे सरळ वाटते: वाढायला मेद हवा, म्हणून मेद बनवला. पण मग साठवण्याचे कारण काय? जी पेशी दिवसरात्र विभाजन करते आहे, तिने कच्चा माल हाती येताच वापरून टाकायला हवा. कोठार भरून ठेवणे हे तर निवांत गृहस्थाचे लक्षण. या प्रश्नाच्या उत्तरात विषयाचा सगळा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

पहिली गोष्ट अशी, की सुटे मेदाम्ल हे पेशीसाठी विष आहे. साबण म्हणजे मेदाम्लांचा क्षार, आणि साबण तेलकट थर फोडतो हे आपण रोज मोरीत पाहतो. पेशीत सुटी मेदाम्ले वाढली, तर ती तिच्या पडद्यांना असेच सैल करतात, शिवाय तंतुकणिका म्हणजे मायटोकॉण्ड्रिया आणि आंतर्द्रव्यजालिका यांचे काम बिघडवतात. तीन मेदाम्ले एका ग्लिसरॉलला बांधली, की ट्रायग्लिसराइड होते आणि त्याचा हा दाहक गुण जातो. ही शेवटची गाठ मारणारी दोन विकरे आहेत, डीजीएटी १ आणि डीजीएटी २. ज्या पेशीने मेद ओढण्याचा आणि बनवण्याचा सपाटा लावला आहे, तिच्याकडे तो बांधून ठेवण्याची सोय नसेल, तर ती स्वतःच्याच मालाखाली मरेल.

दुसरी गोष्ट मेदाच्या जातीची. थंडीत बाटलीतले खोबरेल तेल थिजते आणि शेजारचे करडईचे तेल पातळच राहते. खोबरेलातली बहुतेक मेदाम्ले संपृक्त, सरळ काड्यांसारखी असतात, एकमेकांना चिकटून बसतात. करडईतल्या मेदाम्लांत द्विबंधामुळे वाक पडलेला असतो, त्यामुळे ती दाटीने बसू शकत नाहीत. पेशीपटलालाही हेच लागू आहे. ते लवचीक राहायला वाकलेली मेदाम्ले पुरेशी हवीत. सरळ मेदाम्लाला वाक देण्याचे काम एक विकर करते आणि त्या कामाला प्राणवायूचा रेणू लागतो. इथे अडचण येते. गाठ रक्तवाहिन्यांपेक्षा वेगाने वाढते. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या दीड-दोन दशांशांपलीकडे प्राणवायू जवळपास पोहोचतच नाही. त्या कोंदट भागातल्या पेशी सरळ मेदाम्ले बनवू शकतात, पण त्यांना वाक देऊ शकत नाहीत. त्यांचे पडदे थिजू लागतात. अशा वेळी मेदबिंदूत आधी साठवलेले ओलेइक आम्ल हे वाकलेले मेदाम्ल बाहेर काढले जाते आणि नको असलेली संपृक्त मेदाम्ले त्याच्या जागी आत कोंबली जातात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ही अदलाबदल दाखवली. म्हणजे मेदबिंदू हे धान्याच्या कणगीसारखे नुसते साठवण नव्हे. तिथे नाण्यांची मोड करून मिळते.

यावरून मूत्रपिंडाच्या त्या पिवळ्या गाठीचे कोडे सुटते. या कर्करोगाच्या बहुसंख्य रुग्णांत गाठीच्या पेशींतले व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते. ते १९९३ मध्ये सापडले. प्राणवायू पुरेसा असताना हिफ नावाच्या प्रथिनाला चिठ्ठी लावून ते नष्ट करायला पाठवणे हे व्हीएचएलचे काम. हिफ म्हणजे पेशीची ‘श्वास कोंडतो आहे’ अशी हाकाटी. प्राणवायूची जाणीव पेशीला कशी होते या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले, ते याच साखळीवरच्या कामाबद्दल. व्हीएचएल गेले, की हवा भरपूर असूनही हाकाटी थांबत नाही. पेशी कायम दुष्काळ आहे असे समजून वागते आणि दुष्काळात जे करायचे तेच करते: साठा.

हा साठा दोन बाजूंनी वाढतो. हिफ तंतुकणिकेच्या दारावरचे सीपीटी १ए हे विकर दाबून टाकते, त्यामुळे मेदाम्ले आत जाऊन जळण्याची वाट अरुंद होते. २०१७ मधल्या एका अभ्यासात हे दार पुन्हा उघडल्यावर थेंब कमी झाले आणि गाठीची वाढही मंदावली. दुसऱ्या बाजूने हिफ-२ हा प्रकार पेरिलिपिन २ वाढवतो, म्हणजे कोठाराचे राखणदार वाढतात. २०१५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्याच एका गटाने या पेशींतले पेरिलिपिन २ काढून टाकले. थेंब घटले आणि पाठोपाठ आंतर्द्रव्यजालिकेवर इतका ताण आला, की पेशी मरू लागल्या. या पेशी एरवी भराभर प्रथिने बनवत असतात, त्यामुळे त्यांची आंतर्द्रव्यजालिका आधीच काठावर असते, आणि मेदबिंदू तिला सावरून धरत होते. या निष्कर्षाने मला तरी चकित केले. चरबी हे या कर्करोगाचे ओझे असेल अशी अपेक्षा असताना ती त्याची ढाल निघाली.

मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या अतिशय घातक कर्करोगातही असेच काहीसे आढळले. त्याच्या गाठींत मेदबिंदू दिसतात, निरोगी मेंदूच्या ऊतीत ते क्वचितच सापडतात. ओहायो राज्य विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये या पेशींतले डीजीएटी १ बंद केले. मेदाम्लांना बांधून ठेवणारे कोणी उरले नाही, तेव्हा त्यांचा लोंढा तंतुकणिकांवर गेला. तंतुकणिकांनी ती जाळायला घेतली, पण इतका जाळ सोसण्याची त्यांची ताकद नव्हती. ऑक्सिडीकरण करणारे घातक रेणू साचले आणि पेशी मेल्या. उंदरांमधल्या गाठींची वाढही रोखली गेली. इथे पेशीला उपाशी ठेवले नव्हते, उलट तिच्याच घासाने तिला ठसका लागला.

प्रोस्टेटच्या कर्करोगात साठवण कोलेस्टेरॉलची असते, आणि ती कशी कळली हे सांगण्यासारखे आहे. सी. व्ही. रमण यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या प्रकाशपरिणामाची नोंद केली, त्यावर आधारलेले सूक्ष्मदर्शक आज पेशीतला मेद न रंगवता, न धुता, त्याच्या रेणूंच्या कंपनांवरून ओळखतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २०१४ मध्ये या पद्धतीने प्रोस्टेटच्या ऊती तपासल्या गेल्या. गंभीर आणि पसरलेल्या कर्करोगांत थेंबांमध्ये कोलेस्टेरॉलचे एस्टर, म्हणजे त्याचे साठवणुकीचे रूप, खच्चून भरलेले होते, निरोगी ऊतीत ते नव्हते. मेणात बसवलेल्या कापावर हे कधीच दिसले नसते.

काही कर्करोग स्वतः कष्ट करण्याऐवजी शेजाऱ्याच्या कोठारावर डल्ला मारतात. आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची एक घडी पोटात असते, तिला ओमेंटम म्हणतात. अंडाशयाचा कर्करोग पसरतो तेव्हा तो फार वेळा प्रथम इथेच येतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की कर्करोगाच्या पेशी चरबीच्या पेशींशेजारी ठेवल्या, की चरबीच्या पेशी आपला मेद सोडू लागतात आणि तो कर्करोगाच्या पेशींत थेंबांच्या रूपाने जमा होतो. शस्त्रक्रिया करणाऱ्यांना हे डोळ्यांनी दिसते: एरवी मऊ आणि पिवळी असणारी ती घडी गाठींनी भरून जाड, कडक भाकरीसारखी होते आणि तिच्यातली चरबी जवळपास संपलेली असते.

तोंडाच्या कर्करोगाचा दाखला आपल्याला जवळचा आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांमुळे महाराष्ट्रात हा रोग घरोघरी माहीत आहे. बार्सिलोनातल्या एका गटाने २०१७ मध्ये माणसाच्या तोंडातल्या कर्करोगाच्या पेशी उंदरांमध्ये वाढवल्या. शरीरात इतरत्र पसरण्याची क्षमता त्यांतल्या मोजक्या पेशींतच होती आणि त्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी ३६ हे मेदाम्ले आत ओढणारे प्रथिन भरपूर होते. त्याला प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा पसरणे कमी झाले. उंदरांना मेदयुक्त आहार दिला, तेव्हा पसरणे वाढले. या दुसऱ्या निष्कर्षावरून ‘तेल-तूप खाल्ल्याने तोंडाचा कर्करोग होतो’ असा अर्थ कोणी काढू नये. रोगाचे कारण तंबाखूच राहते. मेदाचा प्रश्न येतो तो रोग झाल्यानंतर तो कसा पसरतो यापुरता.

पेशीतला मेद आणि अंगावरची चरबी या दोन गोष्टींची गल्लत व्हॉट्सअॅपवरच्या संदेशांत हमखास होते. स्थूलतेमुळे तेरा प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये काढला, आणि मूत्रपिंडाचा कर्करोग त्या यादीत आहे. पण तिथली वाट मुख्यतः इन्शुलिन, इस्ट्रोजेन आणि दीर्घकाळच्या दाहातून जाते. सडपातळ माणसाच्या मूत्रपिंडातली गाठही तितकीच पिवळी असू शकते, कारण तिचा मेद तिच्या बिघडलेल्या जनुकाने साठवलेला असतो, जेवणाने नव्हे.

शिवाय सगळे कर्करोग साठवणारेच असतात असेही नाही. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या २०१० मधल्या अभ्यासात काही आक्रमक कर्करोगांच्या पेशींत साठवलेला मेद मोडणारे विकरच वाढलेले आढळले आणि ते अडवल्यावर त्यांची आक्रमकता ओसरली. म्हणजे एखाद्या गाठीत थेंब जास्त की कमी, एवढ्यावरून फारसे काही ठरत नाही. माल किती वेगाने आत येतो आणि बाहेर जातो हे पाहावे लागते, आणि ते प्रत्येक अवयवात वेगळे असते.

या ज्ञानातून औषध काढणे म्हणूनच अवघड जाते. मेद बनवणारे फॅटी अॅसिड सिंथेज अडवले, तर पेशी रक्तातून मेद ओढून वेळ मारून नेऊ शकते. हिफ-२ ला थेट अडवणारे बेल्झुटिफॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत व्हीएचएलच्या आनुवंशिक विकारासाठी आणि २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले. ते मेदाचे औषध म्हणून बनवलेले नाही, पण कोठाराला हुकूम सोडणारी हाकाटीच ते बंद करते.

सर्वांत वेधक प्रयत्न कोठार फोडण्याचा आहे. जवसाचे तेल उघडे ठेवले, की लवकर खवट होते, कारण त्यातल्या अनेक वाक असलेल्या मेदाम्लांवर प्राणवायू हल्ला करतो. पेशीपटलातली अशी मेदाम्ले लोहाच्या मदतीने खवट होत गेली, तर पेशी मरते. या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस असे नाव मिळाले. मेदबिंदू ही नाजूक मेदाम्ले पोटात घेऊन पेशीला वाचवतात. बेल्जियममधल्या लुव्हाँ विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये आम्लयुक्त वातावरणात राहणाऱ्या कर्करोगाच्या पेशींना ओमेगा-३ आणि ओमेगा-६ ही अशीच अनेक वाक असलेली मेदाम्ले भरपूर दिली. पेशींनी ती हावरटासारखी ओढली, थेंब भरले, उतू गेले आणि पेशी खवट होऊन मेल्या. डीजीएटी अडवणारे रसायन जोडीला दिल्यावर हे आणखी लवकर घडले, आणि उंदरांमध्येही ओमेगा-३ युक्त आहाराने गाठींची वाढ मंदावली, ती या रसायनाच्या जोडीने अधिक.

डीजीएटी १ अडवणारी औषधे माणसांवर पूर्वी वेगळ्याच कारणांसाठी, लठ्ठपणा आणि रक्तातल्या मेदाच्या विकारांसाठी, तपासली गेली होती. तेव्हा एक अडचण वारंवार आली. जेवणातला मेद शोषून घेताना आपल्या आतड्याच्या पेशीही तो पुन्हा ट्रायग्लिसराइडमध्ये बांधतात, आणि त्यासाठी त्यांना हेच विकर लागते. ते बंद पडले, की तेलातुपाचे जेवण पचत नाही आणि जुलाब लागतात.